शिवणकोंडातलं मशीन

सत्यवान मेस्तांना बिघडलेलं मशीन उघडून बघावं लागत नसे. दारात उभं राहून ते म्हणत, "वायच चालवून दाखव गो," आणि आतल्या बाईने वीतभर टीप घालेपर्यंत त्यांचं निदान झालेलं असे. सुई वाकडी बसलीय, दोरा घट्ट ओढतोय, तेलाऐवजी कुणीतरी खोबरेल घातलंय. मशीन किती जुनं, तेही ते आवाजावरून सांगत. मग पिशवीतून एक काळी वही काढून खात्री करून घेत. विलायती कंपनी प्रत्येक मशीनवर आकडा ठोकते, त्याच्याआधी एखादं अक्षर असतं, आणि दोन्ही जुळवली की मशीन कोणत्या साली कारखान्यातून निघालं ते कळतं. गिरगावातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात तेवीस वर्षं काढताना मेस्तांनी ती सगळी कोष्टकं बारीक अक्षरात उतरवून घेतली होती. एकोणपन्नास साली ते मुंबई सोडून गावी आले ते ही वही, पेचकस, तेलाची झारी आणि सुयांची डबी घेऊन. शिरोड्यापासून बांद्यापर्यंत पायी फिरत, ज्याच्या घरी मशीन त्याच्याच पडवीत बसून दुरुस्त करत. मुलखात त्यांना मशीनवालो मेस्त म्हणत.

मी पंचावन्न सालच्या जूनमध्ये खारवाडीच्या एकशिक्षकी शाळेवर रुजू झालो. मेस्तांच्या पडवीत माझी खाट होती आणि जेवण त्यांच्याकडेच. त्यांची एकुलती मुलगी लग्न होऊन सावंतवाडीला गेलेली, घरात नवरा-बायको दोघंच. सुगंधावहिनी बोलक्या, मेस्त मितभाषी. सकाळी दहाला पेज जेवून ते निघत, दिवे लागायच्या आत परतत.

त्या घरात एक गोष्ट मला विचित्र वाटायची. मशीनवाल्या मेस्तांच्या घरात मशीन नव्हतं. कुणाचं दुरुस्तीलाही ते घरी आणू देत नसत. वहिनींचे झंपर शेजारची एक बाई शिवून द्यायची. एकदा मेस्त बाहेर गेलेले असताना मी वहिनींना कारण विचारलं. त्या नारळ खवत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तेंची आवस मशीन घेवन गोव्याक गेली, मास्तरांनू. हे सा वर्षांचे होते. गावात एक कासार येयत असा बांगड्यो घेवन. तेच्याबरोबर गेली म्हणतत. मामंजींनी मरापर्यंत तिचा नाव काढूक देवक नाय."

"मेस्त कधी काही बोलत नाहीत?"

"एकदा बोलले. म्हणाले, तिचो चेहरो आठवणा नाय, फक्त मशीनाचो आवाज आठवता."

मेस्तांच्या आईचं नाव नर्मदा. तिचा भाऊ बोटीवर खलाशी होता, त्याने तिला ते हातमशीन आणून दिलं होतं. आसपासच्या तीन-चार गावांत तेव्हा तेवढं एकच. तिचा नवरा तुकाराम मेस्त होड्या बांधणारा नावाजलेला सुतार. बायको गेल्यावर त्याने दुसरं लग्न केलं नाही आणि कुणाशी फारसं बोललाही नाही. मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर मुंबईला गेला आणि नेमका मशिनांच्याच दुकानात लागला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

छप्पन सालच्या मार्चमध्ये एका रविवारी मी मेस्तांबरोबर आरवलीला गेलो होतो. परतताना ऊन मी म्हणत होतं. खाडीच्या कडेने कांदळांतून एक जवळची वाट होती, पण मेस्त नेहमी वरच्या सड्यावरून, उघड्या कातळपठारावरून, लांबचा वळसा घालत. त्या दिवशी मीच हट्ट केला. ते नाराजीने खाली उतरले.

बाराचा सुमार. पूर्ण ओहोटी. खाडीचं पाणी मधल्या ओहोळापुरतं उरलं होतं आणि दोन्ही बाजूंना काळा चिखल चमकत होता. वाट जिथे वळते तिथे एक खोल डबकं होतं. ओहोटीतही ते आटत नसे. गावात त्याला शिवणकोंड म्हणत. नाव मी ऐकलं होतं, पण जवळपास शिवणीची झाडं असतील अशी माझी समजूत. तिथे एकही शिवण नव्हती.

आधी मला वाटलं, माझ्याच कानात वाजतंय. मग स्पष्ट ऐकू आलं. टकटक, टकटक, टकटक. थांबलं. पुन्हा सुरू झालं. वारा पडलेला, पान हलत नव्हतं, आणि आवाज चिखलातून, कांदळांच्या मुळांमधून येत होता.

"कुणीतरी मशीन चालवतंय," मी म्हटलं. आजूबाजूला अर्ध्या मैलात घर नव्हतं.

मेस्त माझ्या पुढे होते. ते जागच्या जागी उभे राहिले. कुणाच्या दारात उभे राहत तसेच, मान किंचित डावीकडे झुकवून.

"हातमशीन," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. "लांब शटलाचा. शटल होडयेसारखी, मागे-फुडे झुलता, म्हणान असो दुहेरी आवाज. गोल बॉबिनाचा मशीन असा वाजणा नाय." मग पुन्हा ऐकत राहिले. "सुई बोथट झाली हा. शिवणारी वीतभर शिवता, थांबता, कापड फिरवता. काय तरी ल्हान शिवता. बाही असात."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगत होते. पण मी पुढे होऊन बघितलं तर त्यांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि ते पुसत नव्हते.

आम्ही परत फिरलो आणि सड्यावरूनच घरी गेलो. वाटेत ते एकच वाक्य बोलले. "मास्तरांनू, त्या वाटेन पुना येव नका."

गावात मी एकदोघांना विचारलं. उत्तरं ठरलेली होती. कुणी म्हणे तिथे देवचार आहे, त्या भुताचं ते काम, कुणी म्हणे ओहोटीला चिखलात एक जातीची कोळंबी नांगी वाजवते, तिचा तो आवाज. कोळंबीची गोष्ट मला पटली. मी ती मेस्तांना सांगितली. ते म्हणाले, "असात." आणि मग, "कोळंबेक कापड फिरवूक कोणी शिकयल्यान?"

पुढच्या जानेवारीत खाडीवर खारबंधाऱ्याचं काम निघालं. पन्नास-साठ गडी चिखल उपसायला लागले. एक दिवस शाळा सुटायच्या वेळी मुकादम धावत आला आणि मेस्त कुठे आहेत विचारू लागला. कोंडाच्या काठाला पुरुषभर खोलीवर काहीतरी लागलं होतं आणि गड्यांनी टिकाव टाकून दिले होते. मेस्त नुकतेच घरी आले होते. आम्ही तिघे गेलो.

खड्ड्याच्या तळाशी ते आडवं पडलं होतं. आधी काळ्या दगडासारखं दिसलं, मग त्याची मान ओळखू आली. लाकडी पेटीचा तळ कुजून मशीनला चिकटलेला होता. मेस्त धोतर खोचून खाली उतरले. एकाही गड्याने हात लावला नाही. त्यांनी स्वतःच बोटांनी भोवतालचा चिखल काढला, पाटावरची सरकती पट्टी चाचपली, तिच्यात नख घातलं आणि थोडी हलवली. आत लांब, दोन्ही टोकांना निमुळती शटल होती.

त्यांनी वर माझ्याकडे बघितलं. 

मुकादमाने अजून चार हात खणून घेतलं. हाडंबिडं काही लागलं नाही. चिखल आणि शिंपले.

मशीन गोणपाटात गुंडाळून मेस्तांनी डोक्यावर घेतलं. वहिनी दारातच आडव्या आल्या. कोंडातली वस्तू उंबऱ्याच्या आत यायची नाही, एवढंच म्हणाल्या. मेस्तांनी वाद घातला नाही. अंगणातल्या मांडवाखाली एक चिऱ्याचा कट्टा होता, त्यावर ते ठेवलं. तीन दिवस गोड्या पाण्यात, मग रॉकेलच्या डब्यात. रोज संध्याकाळी ते बाहेर काढून नारळाच्या सोडणाने घासत. वरचा गंजाचा-मिठाचा थर पापुद्र्यासारखा निघायचा. चिखलाने हवा लागू दिली नव्हती म्हणून लोखंड आतून टिकलं, असं मला म्हणाले.

गावातली माणसं येऊन बघून जात. प्रत्येकाचं एक मत. हे फिरंग्यांच्या काळातलं. फुटलेल्या गलबतावरचं. एका म्हाताऱ्याने शपथेवर सांगितलं की कोंडातला आवाज त्याच्या आजोबांनीही ऐकला होता, म्हणजे मशीन शंभर वर्षांचं तरी असणारच. मेस्त ऐकून घेत आणि घासत राहत.

महिनाभराने मशीनच्या पाटाच्या उजव्या टोकाला आकडा दिसायला लागला. डोळ्यांना तो नुसता खडबडीत वाटायचा. मेस्तांनी त्यावर पातळ कागद धरला आणि मला शिसपेन्सिल आडवी फिरवायला सांगितलं. कागदावर पांढऱ्या रेघा उमटल्या. इंग्रजी एफ, मग दोन, मग चार. पुढचे चार आकडे गंजाने खाल्ले होते.

त्यांनी काळी वही उघडली. "एकोणीसशेच्या आधी अक्षर नसा. नुसतो आकडो. अक्षर आसा म्हणजे नंतरचा." बोट खाली सरकत गेलं. "एफ. एवढो ल्हान आकडो. दहा साल. फार तर अकरा."

"म्हणजे त्या म्हाताऱ्याचे आजोबा..."

"तेंनी काय आयकला असात ता तेंका म्हायत. ह्या नव्हे."

त्यांनी मशीन फिरवलं. चाकाला जोडलेल्या दांड्याच्या टोकाला हातात धरायची मूठ असते, ती त्यांनी तोवर घासली नव्हती. चिखलाचं टरफल तसंच होतं. आता ते त्यांनी अंगठ्याने काढायला सुरुवात केली. खालून गुळगुळीत काळं शिसव निघालं. कारखान्यातली मूठ अशी नसते, हे मलाही तोवर कळायला लागलं होतं. ही कुणीतरी हाताने घडवून बसवली होती. मुठीच्या बुडाला तीन आडव्या रेघा आणि वर एक ठिपका कोरलेला होता.

खारवाडीत ती खूण लहान मुलंही ओळखत. तुकाराम मेस्ताने बांधलेल्या प्रत्येक होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, ती होती. बंदरावर तेव्हाही तशा पाच-सहा होड्या होत्या.

मेस्त मूठ धरून बसून राहिले. वहिनी आतून दिवा घेऊन आल्या, त्यांनी खूण पाहिली आणि दिवा तिथेच कट्ट्यावर ठेवून त्या मागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"गोव्याक मशीन नेल्यान असता," मेस्त म्हणाले, "तर ह्या हंय कसा?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पेचकसाची पिशवी घेतली नाही. नुसतेच घरोघर गेले. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला एकच विचारत: कोंडातलो आवाज तू पयलो कधी आयकलंस? कुणी म्हणे, थोरला जन्मला तेव्हा. कुणी म्हणे, मानमोडीच्या साथीआधी दोन-तीन वर्षं. मानमोडी अठरा सालची, अशा हिशोबाने मेस्त घरी येऊन साल काढत आणि काळ्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवत. पंधरा दिवसांत सतरा नावं झाली. ज्याने आजोबांची शपथ घेतली होती, तोही खोदून विचारल्यावर स्वतःच्या लग्नापर्यंत आला, म्हणजे एकोणीसशे सोळापर्यंत. चौदा सालच्या वैशाखाआधी तो आवाज ऐकलेला एकही माणूस गावात नव्हता. नर्मदा गेली ती चौदा सालच्या वैशाखात.

त्याच दिवसांतली एक गोष्ट. मला ती सांगायला आजही संकोच वाटतो. रविवार होता, मेस्त बाहेर. मी पडवीत मुलांच्या वह्या तपासत होतो, वहिनी चुलीपाशी. दुपारचं जेवण व्हायचं होतं. मांडवातून आवाज आला. टकटक, टकटक, टकटक. थांबला. पुन्हा.

मी उठलो. वहिनी हातात डाव तसाच घेऊन बाहेर आल्या. दोघांनी मांडवाकडे बघितलं. मशीन कट्ट्यावर होतं, वर गोणपाट. गोणपाट हलत नव्हतं. चाक हलणं शक्यच नव्हतं. आदल्याच संध्याकाळी मेस्तांनी दोन्ही हातांनी जोर लावून पाहिला होता, ते पाव फेरा फिरलं आणि कायमचं अडकलं होतं.

"तुमीय आयकलास?" वहिनी कुजबुजल्या.

मी मान हलवली. आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. आवाज आणखी तीन वेळा झाला आणि थांबला. डावातून आमटी त्यांच्या पायावर ठिबकत होती, ती गरम होती, तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

मेस्त परतल्यावर वहिनींनी सगळं सांगितलं. मला वाटलं ते चिडतील, निदान शंका घेतील. ते खाली बसले आणि विचारू लागले. कितके टाके झाले? खंय थांबला? थांबल्यावर परत सुरू होवक किती वेळ लागलो? मी आठवेल तसं सांगितलं. मग ते मांडवात गेले, गोणपाट बाजूला केलं आणि सुईच्या बाजूचा, कापड दाबून धरणारा लोखंडी पाय हळूहळू सैल करू लागले. त्याखाली घट्ट दाबलेली, तीन दिवसांच्या पाण्यानेही न सुटलेली मातीची वडी होती असं इतके दिवस आम्ही समजत होतो. मेस्तांनी ती पाण्यात धरली. माती विरघळली आणि मागे दोन बोटं रुंदीचा कापडाचा तुकडा राहिला. रंग ओळखू येत नव्हता. त्याच्या कडेने टीप होती, बारीक, सारखी, आणि शेवटी वळलेली.

"बाही," मेस्त म्हणाले. "सा वर्षांच्या पोराची."

कृष्णाबाई दोन दिवसांनी आली. खारवाडीतली ती सगळ्यात म्हातारी कोळीण, साठी ओलांडलेली, पण अजून टोपली घेऊन शिरोड्याच्या बाजाराला जाणारी. मेस्तांनी घरोघर चौकशी केली तेव्हा ती दार लावून बसली होती. आता ती भर सकाळी अंगणात येऊन उभी राहिली. टोपली नव्हती. मशीनकडे तिने बघितलं नाही.

"तुझी आवस गोव्याक जावक नाय, सत्यवाना," ती म्हणाली. "ती कोंडातच रवली."

मेस्तांनी तिला कट्टा दाखवला. ती बसली नाही. उभ्यानेच बोलली, आणि मी पडवीत होतो त्याची तिला पर्वा नव्हती.

नर्मदा त्या दिवशी खाडीपलीकडे एका लग्नघरी शिवायला गेली होती. ओहोटीला लोक कोंडाजवळूनच खाडी ओलांडत. काम संपवून ती मशीन डोक्यावर घेऊन परत येत होती. कृष्णाबाई तेव्हा वीस वर्षांची, चिखलात तिसरे, म्हणजे शिंपले, काढत होती. दोघी मैत्रिणी.

"सूर्य डोक्यार इल्लो. माका हाक इली. 'कृष्णे गो, कृष्णे!' माझ्याच नावान. मी ताठ झालंय. आमका ल्हानपणापासून सांगलेला, दुपारच्या वक्ताक खाडयेत नावान हाक इली तर ओ देवची नाय. देवचार आसता. तीन हाका होवंदेत, मगे बघ. मी पाठ फिरवून बसलंय. दुसरी हाक इली. मी कानार हात ठेवलंय. तिसरेची वाट बघलंय." ती थांबली. "तिसरी येवक नाय."

मेस्तांनी विचारलं, "आवाज वळाखलंस नाय?"

"वळाखलंय. म्हणानच भियालंय. तो वळखीच्याच आवाजान हाक मारता म्हणतत."

भरती सुरू झाल्यावर ती उठली. पलीकडून आलेली पावलं चिखलात कोंडाच्या कडेपर्यंत होती, पुढे नव्हती. पाणी चढत होतं. ती घरी पळाली आणि कुणाला काही बोलली नाही. संध्याकाळी गावात गलका झाला. नर्मदा नाही, तिचं मशीन नाही, आणि कासारही त्याच दिवशी गाव सोडून गेलेला.

"कोणी तरी म्हटल्यान, तेच्याबरोबर गेली. माका बरा वाटला रे. म्हटलंय, असात, जिवंत असात. मगे तुझ्या बापाशीन माका इचारल्यान, तू तेंका बघलंस? मी होय म्हटलंय. दोघांक रस्त्यार बघलंय म्हणान सांगलंय. माझ्या तोंडातसून गेला ता गेला."

 तुकाराम मेस्ताने बायकोला का शोधलं नाही, ते आता कळलं होतं. त्याला साक्षीदार मिळाला होता.

"आवाज तू कधी आयकलंस?" मेस्तांनी विचारलं. तेच, सतरा जणांना विचारलेलं.

"तिसऱ्या दिवसापासून," कृष्णाबाई म्हणाली. "तुमी ओहोटयेक आयकतात. माका भरतयेक पण येता. घरात पण येता."

मेस्त उठले, आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. म्हातारी बराच वेळ उभी होती. मग ती गेली.

तीन दिवस ते जेवले नाहीत. पेज नेऊन ठेवली की तशीच परत यायची.  चौथ्या दिवशी सकाळी उठलो तर कृष्णाबाई अंगणात येऊन बसलेली, काल आणि परवाही येऊन बसून गेली होती असं वहिनी म्हणाल्या. मी मनात म्हटलं, आता मेस्त हिला हाकलून देणार. ते बाहेर आले. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. तिच्यासमोर उकिडवे बसले.

"ती दिसाक कशी होती?" त्यांनी विचारलं.

कृष्णाबाईला आधी प्रश्न कळला नाही.

"माझी आवस. माका तिचो चेहरो आठवणा नाय. बाबांनी सांगूक नाय. दुसरा कोण उरला नाय. तू सांग."

म्हातारीने पदर तोंडावर घेतला.  मग सांगू लागली. नर्मदा ठेंगणी होती, बंदरावरच्या दोरखंडाच्या खुंटीएवढी, असं तिला चिडवत. समोरचा एक दात अर्धा तुटलेला, म्हणून ती हसताना ओठ मिटायची. केवड्याचा वास आवडायचा नाही, डोकं दुखायचं. सुईत दोरा ओवताना जीभ बाहेर काढायची. लग्नघरच्या उरलेल्या कापडातून मुलासाठी अंगरखा शिवत होती, बाह्या राहिल्यात असं सकाळी जाताना म्हणाली होती.

मेस्त ऐकत होते. त्या दिवशी ते जेवले.

वैशाखात त्यांनी आईचं सगळं केलं. देह नव्हता, म्हणून दर्भाची प्रतिमा करून दहन केलं, दहावं-बारावं केलं. त्रेचाळीस वर्षांनी. गावातली झाडून सगळी माणसं आली, ज्यांनी कासाराची गोष्ट पोरांना सांगितली होती तीही आली, आणि कुणीही त्याबद्दल एक शब्द बोललं नाही. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी पाऊस जवळ आला म्हणून मांडव उतरवायचा होता. मशीन कुठे ठेवायचं, असं मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "घरात घेवा तिका." मशीनला त्या 'तिका' म्हणाल्या. मेस्तांनी ते आत नेऊन माजघरात कोनाड्याखाली ठेवलं. त्यानंतर सात वर्षं मी त्या घरात होतो. मला तो आवाज पुन्हा आला नाही. शिवणकोंडावर मात्र ओहोटीला तो येत राहिला, बंधारा झाल्यावरही, असं लोक सांगत. मशीन काढून घेतलेल्या चिखलात काय वाजत होतं ते मला ठाऊक नाही. मी पुन्हा तिकडे गेलो नाही.

कृष्णाबाई रोज यायची. बाजारातून परतताना टोपली अंगणात टेकवायची आणि नर्मदेचं काहीतरी सांगायची. कधी मोठी गोष्ट, कधी एवढंसंच, की ती शिंकली तर लागोपाठ तीनदा. वर्षभरात तिच्या आठवणी संपल्या. मग ती त्याच पुन्हा सांगू लागली, कधी उलटसुलट करून, कधी नव्याने घातलेलं काही असावं असंही मला वाटे. मेस्तांना ते कळत असणारच, मशीनमध्ये बाहेरचा भाग बसवला तर त्यांना लांबून कळे. पण त्यांनी तिला कधी टोकलं नाही. ते पेचकस पुसत बसत आणि म्हणत, "फुडे?"

एकदा, साठ-एकसष्ट सालची गोष्ट असेल, मी न राहवून विचारलं, की तिचा तुम्हाला राग येत नाही का. ते म्हणाले, "येता. ती घराक गेल्यार रोज येता. ती इली काय रागावूचा रवान जाता."

त्रेसष्टच्या ऑक्टोबरमध्ये ती आजारी पडली. तिचे दोन्ही मुलगे मासेमारीला लांब गेले होते, होड्या परतायला चार दिवस होते. मेस्त तिच्या खोपटात जाऊन बसले. शेवटच्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा तिला बोलता येत नव्हतं आणि आता मेस्तच बोलत होते. नर्मदेच्या तुटक्या दाताबद्दल, केवड्याबद्दल, खुंटीएवढ्या उंचीबद्दल. तिनेच सांगितलेलं सगळं तिलाच परत सांगत होते, न अडखळता. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती.

ती संध्याकाळी गेली. मुलगे नव्हते म्हणून तिरडी मेस्तांनी बांधली. सुताराचा हात होता, बांबू नेमके कापले. खांदा दिला. तिसऱ्या दिवशी पिशवी खांद्याला लावून बांद्याच्या वाटेला लागले, तिथल्या एका घरचं पायमशीन पंधरा दिवस अडून राहिलं होतं. पुढच्या जूनमध्ये माझी बदली कणकवलीला झाली.